दिगंबरची दोन बोटं

दिगंबर सकाळपासून बायकोच्या नावानं बोंबलत होता आणि छापखान्यातली गिऱ्हाइकं फुकटचा तमाशा बघत होती, याचीच त्याच्या आईला, चंपाक्कांना, किळस आली. लग्नपत्रिका टाईप करताना मध्येच मराठी जाऊन इंग्रजी अक्षरं उमटायची. “हिनंच बिघडवलं,” म्हणत त्यानं परवा कॉम्प्युटरला पासवर्ड लावला. सुनेचं हौसेनं शिकलेलं काम सुटलं.

आज ‘चि. सौ. कां.’ लिहिताना पुन्हा तेच झालं.

“आता कोण शिवलं रे त्याला?” आक्कांनी विचारलं.

सूनच पुढे झाली. “आक्का, यांची बोटं बघा. विचार करताना ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबून बसतात. ती बटणं जोडीनं दाबली की भाषा बदलते.” तिनं मराठी लावून सेटिंगमधली ती सोयच बंद केली. नवरीचं नाव सरळ उमटलं.

दुधात पडलेल्या माशीकडे बघावं तसं आक्कांनी लेकाकडे बघितलं.

“बोटं तुझी आणि बोंब हिच्या नावानं? शी! ऊठ त्या खुर्चीवरून. पासवर्ड हिला सांग आणि बाहेर बसून पत्रिकांच्या घड्या घाल. तेवढं तरी तुझ्या बोटांना जमतंय का बघू.”