हुझैफाची लेन्स

कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स बदलावी की नाही, हे माझं सहा महिने ठरत नव्हतं. दुबईहून सुट्टीवर आलेल्या मामेभावाने, हुझैफाने, ते एका नजरेत ठरवून टाकलं.

"यशरा, हे तर खेळणं हाय! तैयबाच्या निकाहचे फोटो काय ह्याच्यावर काढणार?" सगळ्या घरासमोर असं बोलून तो आपली हातभर लांब लेन्स कुरवाळत बसला, जणू ती त्यानेच घडवली होती.

माझ्याच बहिणीच्या लग्नाचे फोटो मग त्याने काढायचे ठरले. "तू फक्त बघ आणि शीक," असंही वर ऐकवलं. मी माझं खेळणं उचललं आणि बायकांच्या मांडवात, तैयबाच्या शेजारी जाऊन बसले.

त्या मांडवात पुरुष येत नाहीत, हे आमच्या बोर्ली गावातच वाढलेला हा माणूस लेन्सच्या कौतुकात साफ विसरला होता. आमच्या नानीने त्याला दारातच अडवलं. दिवसभर साहेब पडद्याबाहेर लेन्स रोखून उभे.

काल त्याचे फोटो पाहिले.



लेन्स खरंच भारी आहे. पडद्याचा धागा न् धागा दिसतो.