डोंगर बंद होता तेव्हा

रेडिओवरची, येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणारी सुई पार उजव्या टोकाला जाऊन टेकली आणि ऑपरेटरबाईंचा स्क्रू-ड्रायव्हर धरलेला हात जागीच थांबला.

"आई, आहेस का?" रेडिओतून मुलीचा आवाज आला. रोजचीच संध्याकाळची वेळ, रोजचाच प्रश्न. पण आज हा आवाज यायलाच नको होता. डोंगरावरचा रिपीटर त्यांच्याच टेबलावर उघडा पडला होता.

ऑपरेटरबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्तीनंतर हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबने रिपीटरची देखभाल त्यांच्या गळ्यात घातली. रिपीटर म्हणजे डोंगरमाथ्यावर बसवलेली एक पेटी. खालच्या माणसाचा क्षीण आवाज ती एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलून दाखवते. म्हणून डोंगराच्या अलीकडची नि पलीकडची माणसं एकमेकांशी बोलू शकतात. क्लबवाले तिला नुसतं 'डोंगर' म्हणत. गंमत अशी, की सगळ्यांचेच आवाज त्या पेटीतून येतात. बोलणारा दूरच्या शहरात असो की शेजारच्या खोलीत, ऐकणाऱ्याच्या सुईला फरक कळत नाही.

मुलगी डोंगरापलीकडच्या शहरात गेली होती. तिथे तिने पडदे शिवायचं दुकान काढलं होतं. "वर्षभरात गाशा गुंडाळून येशील," असं ऑपरेटरबाईंनी तिला निघताना दारातच सुनावलं होतं. जीभच तिखट त्यांची. 'सांगितलं होतं ना!' हे पालुपद ऐकत नवऱ्याने बिचाऱ्याने अख्खा संसार केला. फोनवर मायलेकींचं दोन मिनिटांत वाजायचं. रेडिओवर मात्र एकीने बटण सोडेपर्यंत दुसरीला तोंड उघडता येत नाही, त्यामुळे तिथे त्यांचं बरं जमत होतं. रोजचं ते बोलणं संपलं की ऑपरेटरबाईंना घर खायला उठे. 'परत ये' म्हणावंसं रोज वाटे. पण एरवी कातरीसारखी चालणारी जीभ तेवढ्या दोन शब्दांना अडायची.

खरखरीची तक्रार आली म्हणून क्लबच्या माणसांनी सकाळीच पेटी खाली आणून दिली होती. ही खरखर गावातल्याच एखाद्या यंत्राची तर नाही ना, हे पाहायला ऑपरेटरबाईंनी आपल्या रेडिओवरचं उलटं बटण दाबलं होतं. ते दाबलं की रेडिओ डोंगराच्या जागी बसतो. माणसं डोंगराला जे पाठवतात ते थेट ऐकतो आणि डोंगराच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. पण थेट आलेला आवाज काही खराखुरा डोंगर ओलांडत नाही. मग हा आला कुठून?

त्यांनी रेडिओच्या मागची अँटेनाची वायर उपटली.

"आई, ऐकतेस ना? आज दुकानात इतकी गर्दी होती म्हणून सांगू!"

वायरीशिवाय रेडिओला अगदी जवळचंच ऐकू येतं, आणि आवाज तर स्वच्छ होता. म्हणजे मुलगी याच गावात होती, फार तर चार गल्ल्या पलीकडे.

ऑपरेटरबाईंना सगळं कळलं. दुकान बुडालं होतं. पोर कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत एकटी बसून तिकडच्या गर्दीच्या थापा मारत होती. कधीपासून, देव जाणे. का, ते मात्र त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. स्वतःच्या घराचं दार वाजवायची तिला धास्ती वाटत होती. ऑपरेटरबाईंना फार वाईट वाटलं. तरीही जिभेवर पहिलं वाक्य आलं ते नेहमीचंच, आणि त्यांनी ते महत्प्रयासाने गिळलं.

त्यांनी वायर परत लावली आणि बोलायचं बटण दाबलं. "ऐकतेय गं."

"आज डोंगराचं काहीतरी बिनसलंय," मुलगी म्हणाली. "बोलून झाल्यावर तो जरा वेळ खस्स करतो ना, ते आज ऐकू येत नाहीये."

"बॅटरी उतरली असेल," ऑपरेटरबाईंनी ठोकून दिलं. बटण त्यांनी दाबूनच ठेवलं होतं. "हे बघ, माझं होईस्तोवर थांब. मला इथे एकटीला करमत नाही. एकटीला घास उतरत नाही. तुझं दुकान जोरात चाललंय, कळतं मला. पण माझ्यासाठी म्हणून ते बंद करून येशील का? कायमची?"

बटण सोडलं. त्यांना वाटलं, संपलं, पोरीने ओळखलं.

"तू बोलावतेस म्हणून येते हं," मुलगी म्हणाली. "दुकानाचं मागाहून बघीन. आत्ताच निघते. पण पोचायला दोन तास तरी लागतील."

"लागू देत. सावकाश ये."

ऑपरेटरबाईंनी आतल्या खोलीतला पलंग झाडला, चादर बदलली. टेबलावरचे पेटीचे सगळे भाग गोळा करून कपाटात कोंबले आणि वर टॉवेल टाकला. मग दिवा न लावता खिडकीशी आल्या. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक बाई दोन बॅगा घेऊन बसली होती. सारखी मनगटावरच्या घड्याळात पाहत होती. ऑपरेटरबाई चटकन मागे सरल्या, आपण दिसू नये म्हणून. पुन्हा खिडकीशी गेल्या नाहीत.

पुरते दोन तास झाल्यावर घंटी वाजली. दारात मुलगी मान खाली घालून उभी होती. ऑपरेटरबाईंनी तिच्या हातातली जड बॅग घेतली.

"दमलीस ना? घाटात फार गर्दी होती का गं?"