तिसऱ्या रांगेतला फितूर

“थांबव! मागे घे. हा बघ, पुन्हा तोच!”

दिग्दर्शक खुर्चीतून ताडकन उठला. संकलनाच्या खोलीत पडद्यावर शत्रूचं अख्खं सैन्य थबकलं. तिसऱ्या रांगेत एक बुटका, दाढीवाला सैनिक भाला धरून उभा होता. सकाळी पाहिलेल्या दृश्यात हाच गडी राजाच्या सैन्यात होता. तीच दाढी, तसाच वाकडा धरलेला भाला.

“हा फितूर कुठून उपटला? लोक हसतील आपल्याला!”

लोक तसेही हसायचे. राजाच्या जोड्याची शिवण चुकली म्हणून या माणसाने एकदा दिवसभराचं चित्रीकरण रद्द केलं होतं. याचं लढाईशीच लग्न झालंय, म्हणायचे. खरं लग्नही झालेलं होतं, पण ते त्याच्या फारसं ध्यानात नसायचं. घरी तो पाहुण्यासारखा जायचा. गेल्या हिवाळ्यात बायको वारली, तेव्हा तो किल्ल्याचा दरवाजा जाळत होता. निरोप आला, तरी दरवाजा पुरता जळेपर्यंत थांबला. आता घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून तो इथेच सतरंजीवर झोपायचा. मनात एक सल मात्र होती. सिनेमाचं चित्रीकरण इतकी वर्षं चाललं, पण ती एकदाही सेटवर फिरकली नाही.

“उडव त्याला. दिसेल तिथून काप.”

“मग लढाईच उरणार नाही, भाऊजी.” संकलक म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याने हात मांडीवरून हलवला नाही.

“नाही उरली तर नाही! आणि हा दीडशहाणा थेट कॅमेऱ्यात बघतोय. समोर लढाई पेटलीय, याला पत्ताच नाही!”

“कॅमेऱ्यात नाही बघत. जरा डावीकडे बघतोय.”

कॅमेऱ्याच्या डावीकडे दिग्दर्शक उभा असायचा. पहिल्या दिवसापासून ती त्याची जागा होती.

मेहुण्याने पडद्यावर तो चेहरा मोठा केला. दाढी खोटी होती, एका बाजूने सुटतही आली होती. डोळे तेवढे खरे होते. दिग्दर्शक पडद्याजवळ गेला आणि त्या डोळ्यांकडे बघत राहिला.

“ताईला मीच घेऊन यायचो,” मेहुणा म्हणाला. “‘ह्यांना सांगू नकोस, काम सोडून माझ्यावर ओरडत बसतील,’ म्हणायची. तुम्ही कधीतरी ओळखाल, म्हणून मी तिचा एकही तुकडा कापला नाही.”

दिग्दर्शकाला ती घरात कशी दिसायची ते आठवेना. त्याला फार एकटं वाटलं.

“पण दोन्ही सैन्यांत?” त्याने कसंबसं विचारलं.

“तुम्ही ज्या दिवशी ज्या सैन्यासमोर उभे असायचात, त्या दिवशी ती त्या सैन्यात भरती व्हायची.”