गॅलरीतली मंडळी

“उद्या रात्रीपर्यंत ती पेटी गेली नाही, तर मी जाते,” एवढं बोलून बायकोने अबोला धरला. ही कालची गोष्ट. आज सकाळपासून घरात बोलत होती ती फक्त भांडी.

नवरा कवळ्या बनवायचा. दाताच्या दवाखान्यांतून साचे आणायचे आणि बाहेरच्या खोलीत टेबलापाशी बसून दात लावायचे. लोकांच्या तोंडात दात बसवणाऱ्या या गृहस्थाला बायकोला तोंड देणं मात्र कधी जमलं नाही.

पेटी काचेची. आतल्या खोलीला लागून एक बंद गॅलरी होती, तिथे ठेवलेली. आणि पेटीत काय, तर झुरळं! आपण चप्पल उचलतो ती नव्हेत. अंगठ्यापेक्षा जाड, बिनपंखांची, डिवचलं की फुस्स करणारी. लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात, याला झुरळांची हौस. गाजराच्या ताज्या चकत्या काय, रोज पाणी बदलणं काय! थोरल्या नराला तो पैलवान म्हणायचा. बाकी सगळी ‘मंडळी’.

“माझ्या मंडळींनी तुझं काय घोडं मारलंय?” तो विचारायचा.

“डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलंत ना? त्यांच्या घाणीची, टाकलेल्या कातीची धूळ मला बाधते. दम लागतो मला.”

“डॉक्टर काय, सगळ्यांनाच काहीबाही सांगतात.”

कालही हेच झालं होतं. त्यावरच तिने तोंड बंद केलं.

आज संध्याकाळी तो दवाखान्यात कवळी देऊन परतला, तेव्हा तिच्या चपला दारात होत्या आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. अबोल्यात बोलायची घरोघरी रीत असते, तसा तो भिंतीकडे बघून म्हणाला, “चहा होतोय. कुणाला हवा असेल तर सांगावं.”

त्याने एकट्यापुरता चहा केला आणि कामाला बसला.

आतून आवाज आला. फुस्स.

“झाले का सुरू?” त्याला हसू आलं. मंडळींचे आवाज त्याला पाठ होते. लांबलचक एकच आवाज म्हणजे राग. थांबून थांबून, तुटक तुटक आला की दोन नरांची जुंपली. आज चांगलीच जुंपली होती. मध्येच काहीतरी आपटलं. पाण्याची वाटी पाडली असणार पैलवानाने.

“गप बसा रे!” तो ओरडला. “तुमच्यापायी माझा संसार मोडायची वेळ आलीये!”

ओरडला खरा, पण ते शब्द त्याचे त्यालाच लागले. हातातला दात मेणात वाकडा बसला. इतक्या वर्षांचा संसार एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला झुरळं, आणि आपण विचार करत बसलोय! त्याला स्वतःची लाज वाटली. तो कामात असला की नाकाला रुमाल बांधून का होईना, मंडळींना गाजरं तीच चिरून घालायची. वर, “खा मेल्यांनो,” असंही म्हणायची.

आतली फुसफुस कमी होत गेली, मग थांबली. दमले वाटतं, तो मनात म्हणाला.

त्याने मेव्हण्याला फोन लावला. बायकोचा हा धाकटा भाऊ शाळेत विज्ञान शिकवायचा आणि मुलांना दाखवायला म्हणून केव्हापासून ती पेटी मागत होता.

“ती पेटी घेऊन जा बाबा,” तो म्हणाला. “आत्ता ये. तुझ्या ताईच्या डोळ्यांदेखत ने. एकदाचं हसू दे तिला.”

पलीकडे मेव्हणाच हसला. “थट्टा करता काय दाजी? तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हाच नेली की मी! ताईनेच बोलावलं. म्हणाली, यांच्या जिवावर येईल, यांच्या हातून व्हायचं नाही. मी निघालो तेव्हा गॅलरी झाडायला घेतली होती तिने. काय ती धूळ, बाप रे!”

“पेटी... तुझ्याकडे आहे?”

“मग? हा काय तुमचा पैलवान, माझ्यासमोर. थांबा, ऐकवतो.”

फोनमधून आवाज आला. फुस्स.

आतली खोली गप्प होती.