दारातलं टिंब

सरकारी अनुदानातून आलेल्या नव्या यंत्रणेत प्रत्येक अपघाताचं लाल टिंब नकाशावर दिसतं. टिंबं जिथे जास्त, तिथे सिग्नल बसतो. माझी बायको पुलापुढच्या वळणावर ट्रकखाली गेली; तिचं टिंब मात्र पोलीस चौकीच्या दारात. चौकीत बसून नोंद केली, की संगणक चौकीचीच जागा धरतो. सगळ्यांची टिंबं तिथेच, म्हणून सिग्नल चौकीसमोर बसला. वळण तसंच राहिलं. तिचं टिंब वळणावर न्या, असं सांगायला मी चौकीत गेलो. "काका, पडलेलं टिंब म्हणजे दगडावरची रेघ, हलत नाही," हवालदार म्हणाला. मी घरून तिची चेपलेली स्कूटर ढकलत आणली आणि चौकीच्या दारात आडवी लावली. "अहो, वाट अडली ना!" "तुमच्या नकाशात ती इथेच गेली. मग स्कूटरही इथेच राहणार." साहेब बाहेर आले. "आत्ताच्या आत्ता हलवा ती!" "हलवतो की," मी स्कूटरवर बसत म्हणालो. "आधी तुम्ही टिंब हलवा."