साखरेचं पाणी

यंत्रावर चोपन्न आकडा उमटला तेव्हा कृत्तिकाला आधी आनंदच झाला. गरोदरपणात मधुमेह झाल्यापासून तिची साखर इतकी कधी उतरलीच नव्हती. इन्सुलिन घेतलं होतं, तरी साखर वाढेल या धास्तीनं आज तर ती जेवलीच नव्हती. पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. हे दुसरं तिला गमवायचं नव्हतं.

पण हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. घरात फक्त सासरे होते. त्यांनी दारातूनच विचारलं, "काय होतंय गं?"

"काही नाही बाबा, साखर छान कमी आलीय."

त्यांनी आत येऊन आकडा पाहिला. "अगं, सत्तरच्या खाली धोका, असं डॉक्टर म्हणाले होते ना?" ते स्वयंपाकघरात धावले आणि पेल्यातल्या पाण्यात साखर ढवळतच परतले.

"साखर नको! बाळाला त्रास होईल."

"तूच पडलीस तर बाळाचं काय? पी मुकाट्यानं!" त्यांनी पेला तिच्या ओठांना लावला.

ती प्यायली. हळूहळू घाम ओसरला, थरथर थांबली. मग ती हुंदके देत रडू लागली.

"बाबा, मला भूक लागलीय हो. खूप दिवसांची."