शे म्हणजे आहे

"सोमवारी मोहिनीला सटाण्याला घेऊन जा. तिथे तपासणी आहे," छाया मॅडमनी सांगितलं. शब्द त्यांनी जपून वापरले होते. पण 'पोरगी मंद आहे' हे कितीही गोड करून सांगा, आईला ते बरोबर ऐकू येतं. लताबाईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

तिची मोहिनी तिसरीत होती. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ती एकदा-दोनदा अहिराणीत काहीतरी बोलली होती, त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. काही विचारलं की मान खाली. रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली, चॉकलेटही देऊन झालं.

"घरमा ती लई बोलस, मॅडम," लताबाई म्हणाली.

मॅडमना ते पटलं नाही. प्रत्येक आईचं मूल घरी फार बोलतं, हा त्यांचा नेहमीचा अनुभव.

छाया मॅडम नाशिक शहरातल्या. त्यांचं मराठी इतकं शुद्ध, की समोरच्याला उगाच आपले केस विंचरलेत ना असं वाटावं. नामपूरजवळच्या या शाळेत बदली झाली आणि मुलांची अहिराणी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. 'आहे' म्हणायचं तिथे ही पोरं खुशाल 'शे' म्हणत. मॅडमनी कंबर कसली. कामचुकारपणा त्यांच्या रक्तात नव्हता. घसा बसेपर्यंत शिकवत. म्हणून तर ग्रामपंचायतीने शाळेला टॅब दिले तेव्हा त्यांचा पारा चढला. मूल बोलायला शिकतं ते माणसाकडून, काचेकडून नव्हे, असं त्यांनी सरपंचांना तोंडावर सुनावलं. तेव्हापासून टॅब फक्त मधल्या सुट्टीत कपाटाबाहेर येत.

आत्ताही मधलीच सुट्टी होती. मुलं मैदानात होती. तेवढ्यात शेजारच्या वर्गातून एका मुलीचा खणखणीत आवाज आला आणि लताबाई ताडकन उठली. तिच्या पाठोपाठ मॅडम.

मोहिनी एकटीच मांडी घालून बसली होती. मांडीवर टॅब. आपण बोलू ते हा टॅब लिहून दाखवायचा. दोघी तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, तरी तिला पत्ता नव्हता.

"मनं नाव मोहिनी शे," ती टॅबला म्हणाली.

टॅबने लिहिलं, 'मन नाव मोहिनी शेर'.

मोहिनी खुदकन हसली. शेर नही, शे, असं तिने त्याला दोनदा समजावलं. टॅबने एकदा 'शेत' लिहिलं, एकदा 'शेण', आणि मग 'मला समजलं नाही, पुन्हा सांग' अशी ओळ दाखवली. पोरीने कपाळाला हात लावला, अगदी मॅडमसारखा.

"तुले 'शे' येत नही का? ठीक शे. तुनाकरता 'आहे' म्हनस." मग तिने घसा खाकरला आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "माझं नाव मोहिनी आहे. मी तिसरीत शिकते. माझ्या आईचं नाव लता आहे."

टॅबने सगळं बिनचूक लिहिलं. मोहिनीने शाबासकी म्हणून त्याला थोपटलं.

लताबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मॅडमचेही डोळे भरून आले. मंद कसली, पोरगी दोन भाषा बोलत होती, आणि समोरच्याला कोणती झेपेल ते पाहून बोलत होती. सटाण्याला जायची काही गरज नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. आणि उद्यापासून टॅब मधल्या सुट्टीत नाही, पहिल्याच तासाला निघतील, हेही ठरवून टाकलं. सरपंचांपुढे कमीपणा आला तर येऊ दे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागली होती. त्या मोहिनीसमोर खाली बसल्या.

"इतकं छान बोलतेस तू. मग माझ्याशी का नाही बोलत?"

मोहिनी दचकली. तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग तिने उत्तर दिलं, पण टॅबकडे बघत.

"याले समजनं नही, त हा म्हनस, 'मला समजलं नाही, पुन्हा सांग.' तुमले समजनं नही, त तुम्ही म्हनतस, 'तुला काही समजत नाही, खाली बस.'"